मानवी हक्कविषयक माहितीपट (महाराष्ट्र)

मानवी हक्कविषयक माहितीपट म्हणजे अन्यायाची नोंद ठेवणे, पीडितांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून लोकांपुढे मांडणे आणि शासनास उत्तरदायी ठरवणे या हेतूंनी केलेले चित्रण. महाराष्ट्रात या प्रवाहाशी आनंद पटवर्धन यांचे नाव प्रामुख्याने जोडले जाते. आणीबाणीतील राजबंद्यांवरील ‘जमीर के बंदी’ (१९७८) हा त्यांचा आरंभीचा माहितीपट होय.

==मुंबईतील दोन माहितीपट==

‘हमारा शहर’ (१९८५) हा मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या घरांवरील कारवाईविषयी आहे. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. मात्र पदपथावरून हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. माहितीपटात एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच सुनावते, की गरिबांची छायाचित्रे काढून तुम्ही केवळ नाव कमावता. दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही. या माध्यमाच्या नैतिकतेवरील चर्चेत त्याचा उल्लेख आजही करावा लागतो.

याच माहितीपटात गाणारे शाहीर विलास घोगरे यांच्या मृत्यूपासून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) सुरू होतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पेटत्या टँकरचा स्फोट झाला असता, असे समर्थन गोळीबारासाठी देण्यात आले, परंतु न्या. गुंडेवार आयोगाने तो असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यास दोषी धरले. माहितीपटाचे चित्रीकरण चौदा वर्षे चालले. बातमीची मुदत संपल्यानंतरही कॅमेरा त्या वस्तीत टिकून राहिला, हेच त्याचे खरे बळ. जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, म्हणजे ज्यांच्याविषयी होता त्यांच्यापुढे, दाखवण्यात आला.

==प्रदर्शनातील अडथळे==

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. त्या वादातून निर्मात्यांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनवर दाखवण्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ मध्ये निकाल पटवर्धन यांच्या बाजूने लागला.

==ऑनलाइन चित्रफिती आणि पुरावा==

गोव्यातील ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ या संस्थेने २०१० मध्ये ‘इंडिया अनहर्ड’ उपक्रम सुरू केला. त्यात गावातीलच प्रशिक्षित वार्ताहर शाळा, पाणी, रस्ते, अस्पृश्यता अशा विषयांवर चित्रफिती करतात, त्या संबंधित अधिकाऱ्यांना दाखवतात आणि प्रश्न सुटल्यास पुन्हा चित्रण करतात.

चित्रफीत गाजणे आणि ती न्यायालयात टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरील खोतकर-गोरंट्याल वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील ध्वनिचित्रमुद्रण पुराव्यात आले होते. मूळ उपकरण हजर केले नसल्यास प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून फोनमधील मूळ चित्रण पुसू नये. फिरत आलेली प्रत त्याची जागा घेत नाही.

भोर आणि वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांतील कातकरी वस्त्यांसाठीही हा भेद महत्त्वाचा आहे. वनहक्क नियमांतील नियम १३ नुसार दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे निवेदन पुरावा म्हणून चालते, पण ते लेखी उतरवलेले असावे लागते. आजोबांची साक्ष फोनवर मुद्रित केली, तरी ती ग्रामसभेच्या दाव्यास जोडण्यासाठी कागदावर घ्यावीच लागते.