शेवटचे शंभर फूट

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे एक प्रस्ताव आला. इमारतीतल्या चोवीसही घरांपर्यंत फायबरची तार स्वखर्चाने टाकून देण्याची, जिन्यातले दिवे बदलून देण्याची आणि सोसायटीच्या दुरुस्ती निधीत काही रक्कम भरण्याची तयारी एका इंटरनेट कंपनीने दाखवली होती. इंटरनेट आणि टीव्हीच्या वाहिन्या एकाच तारेतून, एकाच बिलावर मिळणार होत्या. मसुद्यात सातव्या क्रमांकावर एक साधे कलम होते : पुढची पाच वर्षे सोसायटी दुसऱ्या कोणत्याही कंपनीला इमारतीत तार टाकू देणार नाही. सभेत चर्चा झाली ती दिव्यांची. सातव्या कलमावर कुणी बोलले नाही. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जुन्या वह्या वाचण्याची सवय मात्र आहे, आणि सोसायटीची १९७७ पासूनची इतिवृत्ते आमच्याच घरातल्या कपाटात आहेत. डोंबिवलीतली ही चार मजली इमारत. तिच्यात पाणी, वीज आणि टेलिफोन कसे आले हे त्या वह्यांत तपशिलाने आहे. माझा प्रश्न वेगळा होता. घरात येणारी चित्रे आणि बातम्या कुणाकडून घ्यायच्या, हे आजवर नेमके कुणी ठरवले?

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या वहीत टीव्हीचा पहिला उल्लेख १९८१ सालचा, आणि तो भांडणाचा आहे. गच्चीवर अँटेना लावण्यावरून वाद झाला होता. सगळ्यांनाच वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून खांब उभारायचे होते आणि पाण्याच्या टाकीजवळची जागा सर्वांत सोयीची होती. टीव्ही आधी घेतलेल्यांनी ती अडवली होती. समितीने ठराव केला : ‘गच्चीवर खांब उभारण्यास प्रत्येक सभासदास सारखाच हक्क राहील, कोणीही दुसऱ्याची वाट अडवू नये.’ त्या काळी निवडायला काही नव्हतेच. कार्यक्रम देणारा एकच होता आणि तो सरकारी होता. संच कोणत्या कंपनीचा घ्यायचा, आणि १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत घ्यायचा की नाही, एवढाच घराघरातला निर्णय. तरीही त्या एका ओळीच्या ठरावाने मला थांबवले. पुढच्या चाळीस वर्षांच्या वह्यांत तसा ठराव मला पुन्हा सापडला नाही.

१९८८ च्या वहीत एक त्रोटक नोंद आहे : ‘व्हिडिओची तार गच्चीवरून नेण्यास हरकत नाही.’ कुणाला परवानगी दिली, किती काळासाठी, कोणत्या अटींवर, काही नाही. मुंबई आणि आसपासच्या इमारतींत तेव्हा अशी सोय सर्रास होती. एका घरात व्हीसीआर ठेवायचा, तिथून शेजारपाजारच्या घरांत तारा टाकायच्या आणि दिवसाला एक-दोन सिनेमे दाखवायचे. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि सीएनएनवरची त्याची दृश्ये मोठ्या हॉटेलांतल्या तबकड्यांवर दिसू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून एशियासॅट-१ या उपग्रहामार्फत स्टार टीव्ही आला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. ज्यांच्या तारा गच्च्यांवर आधीच पसरल्या होत्या त्यांना आता फक्त एक मोठी तबकडी लागत होती. सिनेमे दाखवणारा मुलगा केबलवाला झाला. ‘हरकत नाही’ म्हणून गेलेली तार तीच राहिली.

सरकार मागाहून आले. सप्टेंबर १९९४ मध्ये केबल टीव्हीसाठी वटहुकूम निघाला, १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. केबलचालकाने नोंदणी करायची ती मुख्य टपाल कार्यालयात, नाममात्र शुल्क भरून आणि एका वर्षासाठी. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रसिद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि सरकारची त्यांवर मक्तेदारी असू शकत नसल्याचे मांडले. आकाशाचा प्रश्न असा देशातल्या सर्वोच्च पातळीवर सुटला. गच्चीपासून घरापर्यंतच्या शंभर फुटांचा प्रश्न कुणापुढे गेलाच नाही. केबलच्या कायद्यात कुणाही चालकाला अमुक एक गल्ली आंदण दिलेली नाही. एका इमारतीत दोन चालकांनी धंदा करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मग आम्हाला दुसरा केबलवाला कधीच का मिळाला नाही?

हे विचारायला मी आमच्या जुन्या केबलवाल्याकडे गेले. त्यांनी आता धंदा मुलाकडे सोपवला आहे.

“ताई, हद्द आम्हीच ठरवली,” ते म्हणाले. “रस्त्याच्या अलीकडची घरं माझी, पलीकडची त्याची. त्याच गल्लीत दोघांनी तार टाकली असती तर दोघंही बुडालो असतो.”

“आणि कुणी टाकलीच तर?”

“मग रात्रीतून तारा तुटायच्या. कुणी तोडल्या हे कुणी विचारायचं नाही.”

ते सरळपणे बोलले, म्हणून मीही त्यांची बाजू सरळ मांडते. गल्लीत तार टाकायची, जागोजागी ॲम्प्लिफायर बसवायचे, माणसे ठेवायची, हा खर्च शंभर घरांवर वाटला तर परवडतो. तीच शंभर घरे दोघांत विभागली तर दोघांचाही दर वाढतो. शिवाय पावसात तार तुटली की हा माणूस तासाभरात शिडी घेऊन यायचा. आमच्या इमारतीत नवरा गेलेल्या एका बाईंकडून त्याने वर्षभर पैसे घेतले नाहीत, हे मला ठाऊक आहे. मात्र पावती त्याने कधीच दिली नाही. तोच त्या काळातल्या धंद्याचा पाया होता. जोडण्या हजार असल्या तरी वाहिन्यांना आणि करमणूक शुल्काच्या खात्याला काही शेच सांगायच्या. पावती नसलेल्या ग्राहकाला तक्रारही करता येत नव्हती, कारण कागदोपत्री तो ग्राहकच नव्हता.

वाहिन्याही त्या तारेच्या मालकापुढे हात जोडून असत. जुन्या संचांत मोजकीच बटणे होती आणि ॲनालॉग तारेत मोजक्याच वाहिन्या स्वच्छ दिसत. पुढच्या क्रमांकावर जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबलच्या जाळ्यांना पैसे मोजत. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली, तेव्हा मराठी घरात मराठी वाहिनी कितव्या बटणावर, किती स्वच्छ दिसेल, हे बघणाऱ्याच्या हातात नव्हते.

ग्राहकाला निवड मिळावी यासाठी सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ च्या दुरुस्तीने ‘कॅस’ ही पद्धत आणली. सेट टॉप बॉक्स लावायचा आणि हव्या त्याच सशुल्क वाहिन्यांचे पैसे द्यायचे. २००३ मध्ये ती चेन्नईत लागू झाली, इतरत्र रेंगाळली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००७ च्या सुरुवातीला ती दक्षिण मुंबईत आली. किमान ३० निःशुल्क वाहिन्यांचे ७७ रुपये अधिक कर, आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीचे पाच रुपये. पुढे २०११ च्या दुरुस्तीने टप्प्याटप्प्याने सगळे केबल डिजिटल झाले. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती, तर पुणे, नागपूर, नाशिक आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीला ३१ मार्च २०१३ ची. डबा आला, पावती आली, जोडण्या मोजल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये ‘ट्राय’च्या नव्या दररचनेने पुन्हा वाहिन्या निवडण्याचा हक्क दिला. पहिल्या १०० वाहिन्यांच्या जाळ्याचे भाडे जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, त्यावर निवडलेल्या वाहिन्यांची किंमत. गुच्छात घालायच्या वाहिनीला १९ रुपयांची कमाल मर्यादा होती. अनेक आघाडीच्या वाहिन्यांनी आपली किंमत नेमकी १९ रुपये ठेवली आणि गुच्छ स्वस्त केले. महिनाभर याद्यांवर खुणा करून बहुतेकांनी शेवटी गुच्छच घेतला. वाहिनी निवडता आली. ती आणणारा निवडता आला नाही.

त्या तारेला वळसा घालणारा पहिला मार्ग आकाशातून आला. घरगुती तबकडीवरच्या प्रक्षेपणाला सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली आणि नोव्हेंबर २००० मध्ये धोरण ठरवून परवानगी दिली. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा आणि २००६ मध्ये टाटा स्काय सुरू झाली. आता केबलवाल्याची गरज उरली नव्हती. पण आमच्या वहीत २००७ मध्ये काय आहे पाहा : ‘गच्चीवर तबकड्या लावण्यास मनाई.’ गळतीचे कारण दिले आहे. या सेवांचे उपग्रह आमच्या गावातून दक्षिण आणि आग्नेय या दिशांच्या मध्ये कुठेतरी दिसतात. ज्यांच्या खिडक्या त्या बाजूला होत्या त्यांनी ग्रिलला तबकडी लावली आणि केबल सोडले. उत्तरेकडच्या बारा घरांना गच्चीशिवाय मार्ग नव्हता. ती केबलवरच राहिली. एकाच इमारतीत, एकाच कायद्याखाली, निवडीचा हक्क खिडकीच्या दिशेवर ठरला आणि ते आमच्याच ठरावाने ठरले. त्या समितीत मीही होते.

पुढे कंपनी बदलायची म्हटली की डबाही बदलावा लागे. परवान्याच्या अटींत डबा दुसऱ्या सेवेलाही जुळावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकाचा डबा दुसऱ्याकडे चालत नसे. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली. डब्याबाबत ‘ट्राय’ २०२० मध्येही शिफारसच करत होते.

इंटरनेटची गोष्ट वेगळी असेल असे मला वाटले होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते लोकांसाठी खुले केले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना वाव मिळाला. कंपन्या अनेक झाल्या, पण घरात येणारी टेलिफोनची तांब्याची तार एकच होती, सरकारी कंपनीची. ती तार इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्यावी अशी शिफारस ‘ट्राय’ने एप्रिल २००४ मध्ये केली. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती बंधनकारक केली नाही. परस्पर सहमतीने काय ते ठरवा, एवढेच म्हटले. ज्याच्याकडे तार आहे त्याने प्रतिस्पर्ध्याशी सहमत होण्याचे कारण नव्हते. त्याच धोरणाने केबलच्या जाळ्यातून ब्रॉडबँड देण्याचा मार्ग मात्र मोकळा ठेवला. त्या वेळी ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस वेग. २०२३ मध्ये ती व्याख्या दोन एमबीपीएसवर गेली. आमच्या गल्लीत इंटरनेट आले ते केबलवाल्याच्याच तारेवरून, त्याच हद्दीत. १९८८ ची ‘हरकत नाही’ अजून लागू होती.

इतक्या वह्या आणि कायदे वाचल्यावर माझ्या लक्षात आले ते असे. सरकारने दर बांधले, वाहिन्या सुट्या केल्या, लहरी सार्वजनिक ठरवल्या, परवाने खुले केले. प्रत्येक वेळी निवड दाराशी आली आणि तिथेच थांबली, कारण दारातून आत येणारी वाट एकाच्याच ताब्यात होती. ती वाट गच्ची, जिना आणि डक्टमधून जाते आणि तिची मालक सोसायटी असते. आम्ही ती कधी न विचारता देऊन टाकली, कधी गळतीच्या धास्तीने बंद केली. इमारतींत सर्व कंपन्यांना भेदभावाविना प्रवेश मिळावा आणि आतल्या सोयी त्यांनी वाटून घ्याव्यात, अशी शिफारस ‘ट्राय’ने जानेवारी २०१७ मध्ये केली. इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. म्हणजे या शंभर फुटांकडे आता कुठे लक्ष गेले आहे.

महिन्याने सभा पुन्हा भरली तेव्हा मी १९८१ ची वही घेऊन गेले आणि ती ओळ वाचून दाखवली. कंपनीचे म्हणणेही मांडले. फायबरचा खर्च तीच करणार होती, तो भरून निघायला तिला काही वर्षे हवी होती, यात गैर काही नव्हते. पण आज स्वस्त दिलेला दर दुसऱ्या वर्षी वाढवला, तर आमच्यापाशी उत्तर काय? त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, “म्हणजे दिवे जाणार का?” हसू आले, तरी प्रश्न योग्य होता. दिवे गेले. सातवे कलम काढायला कंपनी तयार झाली नाही आणि तिने प्रस्ताव मागे घेतला. जिन्यातल्या दिव्यांसाठी प्रत्येक घराने वर्गणी काढली.

ठराव सात मतांच्या फरकाने मंजूर झाला. कोणत्याही नोंदणीकृत सेवादात्यास डक्टमधून तार टाकण्यास सारखाच हक्क राहील, शुल्क सर्वांना एकच, आणि सेवा बंद झालेली तार तीन महिन्यांत काढून न्यावी. त्यानंतर दोन कंपन्या आल्या, आणि केबलवाल्याच्या मुलानेही स्वतःचे फायबर टाकले. उत्तरेकडच्या बारा घरांपैकी पाचांनी सेवा बदलली, सातांनी नाही. त्या सात घरांत केबलवाल्याकडून वर्षभर पैसे न घेतलेल्या त्या बाईही आहेत. त्यांना मी कारण विचारले नाही. या वेळी ते त्यांचे त्यांनी ठरवले होते.