विजेरीचे सेल : वजन, क्षमता आणि निवड

मराठवाड्यात विजेरीला 'बॅटरी' आणि तिच्यात घालावयाच्या घटकाला 'सेल' म्हणण्याची रीत आहे. मोबाइलचा दिवा प्रत्येकाच्या खिशात आला, तरी ही 'बॅटरी' हद्दपार झालेली नाही. शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने वीज मिळते. जेथे रात्रीची पाळी असते, तेथे मोटार सुरू करण्यासाठी शेतकऱ्याला अंधारातच विहिरीवर जावे लागते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबाद किल्ल्यातील 'अंधारी' या वळणावळणाच्या भुयारी मार्गात तर भर दुपारीही प्रकाशाचा आधार लागतो. पायाखाली साप असू शकतो किंवा पायरी निसटू शकते, अशा ठिकाणी विजेरी विझली तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. त्यामुळे सेलची निवड करताना किमतीइतकेच त्याच्या क्षमतेकडे आणि वजनाकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.

क्षमता कशी मोजतात?

सेलवर छापलेला 'एमएएच' अर्थात मिलिअँपिअर-तास हा आकडा त्यात किती विद्युतभार साठतो हे सांगतो. मात्र वेगवेगळ्या प्रकारच्या सेलचे व्होल्ट वेगवेगळे असल्याने केवळ या आकड्यावरून तुलना करणे फसवे ठरते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला, की वॅट-तासांत प्रत्यक्ष ऊर्जा मिळते. खरी तुलना याच मापाने करावी.

विजेरीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेलचे साधारण वजन व क्षमता पुढीलप्रमाणे असते :

पेन्सिल सेल
– साधा जस्त-कार्बन : १५ ते १९ ग्रॅम, ६०० ते १,००० एमएएच
– अल्कलाइन : सुमारे २३ ग्रॅम, २,००० ते २,८०० एमएएच
– निकेल-मेटल हायड्राइड (रिचार्जेबल) : २६ ते ३१ ग्रॅम, १,९०० ते २,७०० एमएएच

मोठा सेल
– साधा जस्त-कार्बन : ८० ते १०० ग्रॅम, ४,००० ते ८,००० एमएएच
– अल्कलाइन : १३५ ते १५० ग्रॅम, १२,००० ते १८,००० एमएएच
– निकेल-मेटल हायड्राइड (रिचार्जेबल) : सुमारे १६० ग्रॅम, ८,००० ते १०,००० एमएएच

लिथियम-आयन (रिचार्जेबल, १८६५० आकार)
– ४५ ते ४९ ग्रॅम. २,५०० ते ३,५०० एमएएच, परंतु ३.६ ते ३.७ व्होल्टला

यावरून असे दिसते, की चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास ऊर्जा असते, तर २,००० एमएएचच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास. म्हणजे एका खेपेपुरता विचार केला, तर रिचार्जेबल सेल वजनाने जड आणि ऊर्जेने थोडा उणाच आहे. लिथियम-आयन सेल मात्र ९ ते साडेबारा वॅट-तास देतो. वजनाच्या मानाने या सर्वांत तोच सरस ठरतो.

प्रखर प्रकाशाचे गणित वेगळे

अल्कलाइन सेलची मोठी क्षमता मंद वापरातच मिळते. प्रखर एलईडी विजेरी एक अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचू लागली, की अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता निम्म्याहूनही खाली येते आणि प्रकाश हळूहळू मंदावत जातो. निकेल-मेटल हायड्राइड सेलचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो अशा वापरातही बहुतांश क्षमता टिकवतो. त्याचे १.५ ऐवजी १.२ व्होल्ट पाहून तो दुबळा समजण्याचे कारण नाही.

शिवाय तो शेकडो वेळा चार्ज करता येतो. शंभर वेळा चार्ज केलेला एक २७ ग्रॅमचा सेल मंद वापरातही सुमारे ८० अल्कलाइन सेलचे काम करतो. त्या सेलचे एकूण वजन सुमारे १.८ किलो भरेल आणि तेवढाच कचराही होईल.

पडून राहणारी विजेरी

रिचार्जेबल सेलची खरी उणीव तो पडून राहिल्यावर दिसते. साध्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमधील साठा न वापरताही महिन्याला २० ते ३० टक्के घटू शकतो. २००५ नंतर बाजारात आलेल्या कमी स्वयंविसर्जनाच्या सेलमध्ये वर्षानंतरही बहुतांश साठा शिल्लक राहतो. अल्कलाइन सेल तर अनेक वर्षे टिकतो. तथापि, रिकामा झालेला अल्कलाइन किंवा जस्त-कार्बन सेल विजेरीतच राहिल्यास तो पाझरून आतील पट्ट्या गंजतात.

वजन हीच परीक्षा

काही रिचार्जेबल 'मोठ्या' सेलच्या कवचात प्रत्यक्षात पेन्सिल सेलच बसवलेला असतो. असा सेल हातात लक्षणीय हलका लागतो आणि त्यावर क्षमताही २,५०० एमएएचच्या आसपास छापलेली असते. त्याचप्रमाणे १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ९,९०० एमएएच असा आकडा दिसल्यास तो खोटा समजावा. या आकारात खरी क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपासच थांबते. खरेदीपूर्वी वजनकाट्यावर सेल ठेवून पाहणे हा सोपा उपाय होय.

निवड आणि विल्हेवाट

रोज रात्री शेतावर नेण्याच्या विजेरीसाठी रिचार्जेबल सेल आणि चार्ज केलेला एक जादा संच सोयीचा. कपाटात आणीबाणीसाठी ठेवलेल्या विजेरीसाठी अल्कलाइन सेल योग्य; मात्र ते विजेरीबाहेर, पण तिच्यालगतच ठेवावेत. जुने व नवे सेल एकत्र वापरू नयेत. पेन्सिल सेलच्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल साध्या विजेरीत घालू नये. तिचा दिवा जळू शकतो.

२००१ च्या बॅटरी नियमांचा भर शिशाच्या बॅटऱ्यांवर होता. त्यांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लहान सेलही कक्षेत आणले असून, ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकानेही निकामी सेल घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे देणे अपेक्षित आहे.