तंबोरा आणि विद्युत्स्वर



इतिहास म्हटला की सुरतेच्या विद्यार्थ्याला किल्ला आठवतो, इंग्रजांची वखार आठवते आणि १६६४ व १६७० सालच्या शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या आठवतात. आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे तो फार अलीकडचा आहे. तो अहमदाबादेत घडला, आणि त्याची फारशी वाच्यता झाली नाही. मात्र त्याचा एक धागा थेट इचलकरंजी-कुरुंदवाडपर्यंत पोहोचतो. म्हणूनच मराठी शाळेच्या या व्यासपीठावर त्याची आठवण करणे मला उचित वाटते.

१९६९ साली न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. भारतातील असा हा पहिलाच स्टुडिओ मानला जातो. संस्था स्वतः १९६१ सालची. चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ साली सादर केलेल्या अहवालातून आणि गौतम व गिरा साराभाई या भावंडांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. परंतु स्टुडिओचे मूळ शोधावयाचे तर त्यांच्या भगिनी गीता साराभाई यांच्याकडे जावे लागते. पखवाज हे पुरुषांचे वाद्य समजले जात असताना ते शिकणारी ही स्त्री १९४६ साली न्यूयॉर्कला गेली. तेथे जॉन केज या संगीतकाराशी तिने विद्येची देवघेव केली : त्याने तिला पाश्चात्य संगीत शिकवावे, तिने त्याला भारतीय. संगीताचे प्रयोजन मन शांत करणे हे आहे, हा गीताबेननी सांगितलेला विचार केज यांनी जन्मभर जपला. १९६४ साली मर्स कनिंगहॅम यांचे नृत्यपथक अहमदाबादेस आले, तेव्हा केज आणि ट्यूडर दोघेही त्यासोबत होते. पाच वर्षांनी ट्यूडर यंत्र घेऊन परतले ते या ओळखीच्या जोरावर.

यंत्र होते मूग सिंथेसायझर. आजच्या कीबोर्डवरून त्याची कल्पना येणार नाही. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे वायरी या भोकातून काढून त्या भोकात खोचाव्या लागत. एक भाग विद्युत्कंपनातून नाद निर्माण करी, दुसरा त्यातील काही अंश गाळून टाकी, तिसरा त्याला चढउतार देई. जमलेला नाद टेपवर घ्यावयाचा, टेप कापावयाची, जोडावयाची, तिचे वेटोळे करून पुन:पुन्हा फिरवावयाची. या नादाला दम लागत नाही, बोट दुखत नाही. त्यामुळे तो कितीही वेळ चालू शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रदीर्घतेचे रहस्य येथेच आहे. उधना-लिंबायतमधील ज्या मुलांचे बालपण मागाच्या अखंड आवाजात गेले, त्यांना न थांबणारा नाद म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको!

या स्टुडिओत काम करणाऱ्यांत गीता साराभाई स्वतः होत्या, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा होते. परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव अतुल देसाई यांचे. ते ख्यालगायक, पंडित ओंकारनाथ ठाकूर यांचे शिष्य. ओंकारनाथजी आपल्या शेजारच्या भरूचमध्ये वाढले; त्यांचे गुरू कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली. त्याच परंपरेतला एक गायक तीन पिढ्यांनंतर मूगच्या वायरी हाताळू लागला आणि १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनासाठी त्याने ध्वनिमुद्रणे सिद्ध केली. त्याने परंपरा सोडली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घराण्याचे बंधन ज्याच्या गळ्यात पक्के बसले आहे, तोच नव्या नादाकडे निर्भयपणे जाऊ शकतो.

तथापि जिवंत वाद्य आणि टेपवरचा नाद यांचा मेळ घालणे ही सोपी गोष्ट नव्हती. पहिली अडचण श्रुतींची. त्या काळच्या सिंथेसायझरचे स्वर उष्णतेने ढळत. आणि आपला गायक तर पट्टीतल्या बारा स्वरांवर समाधान मानणारा नव्हे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तबलजी गायकाकडे पाहतो, सारंगिया त्याच्या पाठोपाठ जातो, तंबोरा धरणारा शिष्यसुद्धा कान देऊन बसलेला असतो. टेप मात्र कोणाचेच ऐकत नाही. तिच्यासोबत वाजविणाऱ्याला तिच्याच चालीने चालावे लागते, आणि उपज हा ज्या संगीताचा प्राण, त्यात ही गुलामगिरी फार जाचते.

यावर एक वाट नृत्यातून सापडली. कुमुदिनी लाखिया यांच्या कथक रचनांना अतुल देसाई संगीत देत. १९७१ सालच्या ‘दुविधा’मध्ये परंपरेत जखडलेली आणि तरीही मोकळ्या आयुष्याकडे ओढली जाणारी स्त्री दाखविलेली होती, तिच्या या ओढाताणीसाठी कथकच्या परिचित नादांबरोबर इलेक्ट्रॉनिक ध्वनींचाही उपयोग केलेला होता. दोन नादांचे न जुळणे हाच तेथे विषय बनला. जेथे मेळ बसत नाही तेथे तो ओढूनताणून न बसविता न बसण्यालाच अर्थ द्यावयाचा, ही युक्ती मला असामान्य वाटते.

दुसरी वाट तंबोऱ्याची, आणि ती परदेशात अधिक रुळली. ला माँट यंग हे अमेरिकन संगीतकार १९६० च्या दशकापासून विद्युत्कंपनांचे स्थिर स्वर तासन्‌तास चालू ठेवीत. १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग व टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ हे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे आप्त. षड्जात बुडून राहण्याची किराण्याची वृत्ती आणि न थांबणारा विद्युत्स्वर यांची नाळ अशी जुळली. आधारस्वर कोणाच्या मागे जात नाही, कोणाला ओढीतही नाही. म्हणून यंत्राचा आणि कंठाचा मेळ प्रथम तेथेच बसला, यात आश्चर्य नाही. ठेक्याच्या यंत्रांना ते भाग्य लाभले नाही, आणि लाभू नये असेच माझे मत आहे.

अहमदाबादचा स्टुडिओ १९७२ नंतर थंडावला. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पुढे पॉल परगस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक मुद्रणे जगापुढे आली. आपल्या संगीताच्या इतिहासांत तोवर या स्टुडिओला जवळजवळ स्थान नव्हते. रागदारीचा इतिहास लिहिणारे यंत्राकडे पाहत नाहीत आणि यंत्राचा इतिहास लिहिणारे रागदारीकडे, त्याचा हा परिणाम.

दरम्यान विद्युत्स्वर मागील दाराने मैफलीत शिरलाच. १९७९ साली बंगळूरचे जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि प्रवासात भोपळा फुटण्याची धास्ती असलेल्या कलावंतांनी तो आनंदाने स्वीकारला. मिरजेच्या कारागिरांपुढे मात्र त्याने प्रश्न उभा केला. तेथील जवारी हे हाताचे आणि कानाचे काम आहे. घोडीचा पृष्ठभाग घासून घासून असा करावयाचा, की तारेखाली दोरा नेमक्या जागी सरकताच तिच्यातून स्वरांचा गुंजारव उमटावा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट. आजच्या अनेक मैफलींत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात आणि तिसरा पेटीतला किंवा मोबाइलमधला. विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी मैफलीला जाल तेव्हा पडदा उघडण्याच्या थोडे आधी जा, आणि कोण कोणाच्या स्वराला जुळवून घेते आहे, तेवढे कान देऊन ऐका.