सहाव्या स्वर्गाचा मार

जुन्या ॲनिमेचा मला नाद. त्यातही ‘योतोदेन’वर विशेष जीव. १९८७ साली ही मालिका थेट व्हिडिओ कॅसेटवर आली. ‘निंजा स्क्रोल’ हा ॲनिमेपट सगळ्यांना ठाऊक, हिला कुणी विचारत नाही. पुरुषवेषातली नायिका अयामे, तीन निंजा कुळांची तीन मंतरलेली शस्त्रं आणि समोर राक्षसांचा धनी ओदा नोबुनागा!

नोबुनागा या इतिहासातल्या जपानी सेनानीला राक्षस करणं ही निव्वळ कल्पनेची भरारी नाही बरं का. १५७१मध्ये त्याने हिएई डोंगरावरचा एन्र्याकुजी मठ जाळला. भिक्षू, बायका, पोरं, कुणालाच सोडलं नाही. पुढे त्याचा शत्रू ताकेदा शिंगेनने त्याला लिहिलेल्या पत्राखाली त्या मठाच्याच तेंदाई पंथाची भारदस्त पदवी लावून सही केली, तेव्हा नोबुनागा पठ्ठ्याने उत्तरात स्वतःला ‘सहाव्या स्वर्गाचा मार’ म्हणवून घेतलं. मार म्हणजे बुद्धाची तपश्चर्या मोडायला आलेला तो राक्षस. हा किस्सा १५७३च्या पत्रात लिहून ठेवला लुईस फ्रॉइसने. हा पोर्तुगीज जेझुइट आपल्या गोव्यात शिकला आणि तिथेच पाद्री झाला.

निंजांचा इगा प्रांत नोबुनागाने १५८१मध्ये चिरडला. त्याआधी दोन वर्षं तिथेच त्याच्या मुलाने सपाटून मार खाल्ला होता. इगा चिरडल्यावर पुढच्याच वर्षी होन्नोजी मंदिरात अकेची मित्सुहिदेने, त्याच्याच सरदाराने, त्याला गाठलं. मालिकेतल्या राक्षसांपेक्षा मला हा इतिहासच जास्त भेसूर वाटतो.