अँटोनिया आणि संगणकाची चाळण

1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या वनौषधींच्या ग्रंथात अँटोनिया नावाची एक दासी येते. ऑर्ता आणि त्यांचा पाहुणा बोलत बसलेले असतात. मधूनच तिला हाक जाते, अमकं आण, तमकं दाखव. ती आणून देते आणि पुस्तक पुढे सरकतं. तिला स्वतःला त्या झाडपाल्याचं काय ठाऊक होतं, हे कुणी विचारत नाही. पण निदान नाव तरी राहिलं. पुष्कळजणींचं तेही नाही!

तेव्हा डिचोली, पेडणे पोर्तुगिजांकडे नव्हते. ते त्यांच्या हाती गेले अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे इथली कुणी अँटोनिया त्या ग्रंथात असायचं कारणच नव्हतं.

याद्या आपल्याकडेही झाल्या. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी मांस, मद्य आणि मध वर्ज्य करून ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. 1940 मध्ये तो सोलापुरातून छापला गेला. आपण त्याचा अभिमान सांगतो, उघडून मात्र क्वचितच बघतो.

अशा जुन्या-नव्या याद्या आता संगणकात गेल्या आहेत. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये 1742 भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली 9596 रसायनं एका साठ्यात मांडली. दोन वर्षांनी कोरोना आला. त्या विषाणूचं एक प्रथिन कात्रीसारखं काम करतं. लांब साखळी कापून नव्या विषाणूचे भाग सुटे करतं. त्या कात्रीच्या खाचेत एखादं रसायन घट्ट बसलं, तर कापणं थांबेल. कोणतं रसायन कितपत बसतं, ते संगणक आकडेमोड करून सांगतो. हजारोंतून दहा-वीस उरतात. तांदूळ चाळावा तसंच. या पहिल्या चाळणीत एकही जीव जात नाही, हे मला मोलाचं वाटतं. पुढच्या चाचण्यांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

आणि चाळणीतून उरलेलं म्हणजे औषध नव्हे. आपल्या किरायत्याच्या कडूपणामागे अँड्रोग्राफोलाइड नावाचं रसायन आहे. 2020 मध्ये संगणकावर ते त्या खाचेत बसताना दिसलं. थायलंडने तर सौम्य आजारासाठी किरायत्याला मान्यताही दिली. पुढच्या वर्षी तिथल्या एका चाचणीचा निबंध आकडेमोडीतल्या चुकीमुळे मागे घ्यावा लागला. किरायतं खोटं ठरलं असं नाही. ते सिद्ध झालं नाही, एवढंच. रसायन पोटातून रक्तात किती उतरतं, यकृत त्याचं काय करतं, हे त्या खाचेच्या चित्रात दिसतच नाही. म्हणून ‘संगणकाने सिद्ध केलेला काढा’ असं लेबल लावून कुणी बाटली विकू लागलं, की बायांनो, पैसे पदरातच ठेवा. तापाच्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या.

डिसेंबर 2022 मध्ये पेडण्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाली. तिथून कुणी वही घेऊन डिचोलीच्या एखाद्या म्हातारीच्या ओसरीवर बसलं, तर तिचं नाव आणि गाव आधी लिहावं. मग झाडाचं. ती पान कोवळं खुडते की जून, पावसाआधी की नंतर, साल काढताना झाड जगेल इतकी ठेवते का, तेही लिहावं. साठ्यात रसायनाचं नाव असतं. ते पान कुणी, कधी खुडलं, हे तिच्याकडूनच कळायचं.