आयर्लंडमधील बटाट्यांचे खड्डे

आयर्लंडमधील १८४५ ते १८५२ चा दुष्काळ आम्ही वर्गात शिकवितो तो बहुधा पिकावरील रोगाची कथा म्हणून. परंतु पीक बुडणे आणि माणूस उपाशी मरणे ह्यांच्यामध्ये साठवणीची एक पायरी असते. तिचा विचार केल्यावाचून त्या अनर्थाचे स्वरूप नीट उमगत नाही, असे आम्हांस वाटते.

तेथील शेतमजूर शरद ऋतूत बटाटे काढून शेताजवळच्या उथळ खड्ड्यात त्यांची रास रची आणि तीवर पेंढा व माती ह्यांचे जाड आच्छादन घाली. थंडीने बटाटा गोठू नये, उजेडाने हिरवा पडू नये, पावसाचे पाणी आत शिरू नये, हा हेतू. हिवाळ्यात लागेल तसे बटाटे काढून घ्यावे व तोंड पुन्हा बुजवावे. ह्या युक्तीस खर्च नव्हता, कोठारही लागत नव्हते. परंतु वसंत सरताच उरलेल्या बटाट्यांस मोड फुटत आणि नवे पीक येईपर्यंत, विशेषतः जुलै-ऑगस्टात, गरिबास ओटचे पीठ विकत वा उधार आणावे लागे. आपल्याकडील पेवातली ज्वारी एका सालची दुसऱ्या सालास उपयोगी पडे. बटाट्याच्या खड्ड्यास ते साधत नसे.

१८४५ च्या सप्टेंबरात रोग आला. वरून निरोगी दिसणारे बटाटे लोकांनी नेहमीप्रमाणे पुरले. पुढे खड्डे उघडले, तो आत दुर्गंधीचा लगदा! पंतप्रधान पील ह्यांनी नेमलेल्या लिंडली, प्लेफेअर व केन ह्या शास्त्रज्ञांनी ओल हेच मूळ मानून बटाटे कोरडे ठेवावे, खड्ड्यांत हवा खेळवावी, असा उपदेश केला. तो निष्फळ ठरला. रोगाचे कारण असलेल्या बुरशीसदृश जीवाचा दोष प्रयोगाने सिद्ध झाला तो १८६१ मध्ये, द बारी ह्यांच्या हातून. १८४६ चे पीक जवळजवळ सर्वस्वी बुडाले, आणि मागचा साठा कोणापाशीच नव्हता. सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देशोधडीस लागली. १८४१ च्या शिरगणतीतील सुमारे ८२ लाखांची वस्ती १८५१ मध्ये ६५ १/२ लाखांवर आली.

मग दोष खड्ड्याचा काय? टिकाऊ ओटचे धान्य त्याच भूमीत पिकत होते. पण ते विकून जमीनदाराचा खंड भरावयाचा असे, आणि दुष्काळातही ते बंदरांतून इंग्लंडकडे जात राहिले. टिकणारे धान्य खंडासाठी आणि न टिकणारे कंद पोटासाठी, अशी ही वाटणी होती. खड्डा थंडीपासून बटाटा राखू शके. ह्या वाटणीपासून माणूस राखणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते.