गोलाईचं गिऱ्हाईक आणि आपली सोसायटी

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. अध्यक्ष-सचिवांची नावं, बोअर, कंपाउंड वॉल हे सगळं अहवालात आहेच. मी गोलाईतल्या कापड दुकानदाराचा मुलगा. तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोहोचली आणि इथल्या भुसार मालाला बाहेरची वाट मिळाली. हैदराबाद संस्थानातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गंजगोलाईचा आराखडा केला. मधे जगदंबेचं मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोनं, कापड, चपला, मिरची, गूळ असं सगळं एका फेरीत मिळायचं. खेड्यातला शेतकरी आडतीवर तूर घालायचा, पट्टी घ्यायचा आणि त्याच पैशात लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधून गावाकडे निघायचा. आमचं दुकान त्या बस्त्यावर चाललं.

1982 ला लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले. मग 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. आमचं माळवद उभं राहिलं, पण आई त्याखाली झोपेना. गावातल्या कितीतरी घरांत हेच झालं. प्लॉट घेऊन सोसायटी उभी करायला पुढची काही वर्षं गेली. 1991 च्या जनगणनेत शहराची वस्ती दोन लाखांच्या आत होती. 2011 मध्ये ती पावणेचार लाखांच्या वर गेली. ही वाढ औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोडच्या अंगाने झाली.

सुरुवातीला आपण सगळे चाळिशीतले, मुलं शाळेतली. पगार झाला की स्कूटर काढायची आणि शेजाऱ्याला विचारायचं, "गोलाईत जायलो, काही आणायचंय का?" कोपऱ्यावर पहिलं किराणा दुकान निघालं तेव्हा वडील म्हणाले, "तिथं कोण घ्यायलंय?" पण सगळ्यांनी घेतलं. रोज लागणारी वस्तू घराजवळ आली. चार दुकानं बघून, घासाघीस करून घ्यायचं सोनं, भांडी, बस्ता मात्र गोलाईतच राहिलं.

पुढे आपली मुलं पुण्याला गेली आणि वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. तोवर 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर झालं होतं. दुसऱ्या जिल्ह्यांतली मुलं इथं येत होती, ट्यूशन एरिया भरत होता. विद्यार्थ्यांना खोल्या द्यायच्या का, यावर आपल्या आमसभेत किती भांडण झालं ते जुन्यांना आठवत असेल. मी विरोधात हात वर केला होता. त्याच जूनमध्ये एक बाप मुलाला घेऊन दुकानात आला आणि गादी, उशी, चादर मागायला लागला. मी त्याला दुसऱ्या दुकानात पाठवलं. असे आठवड्यात दहा-बारा परत गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अर्धं दुकान गाद्या-चादरींना दिलं. बस्त्याचं गिऱ्हाईकच नव्या कामासाठी आलं होतं. बापाने लेकीच्या लग्नाआधी तिच्या बारावीवर खर्च करायचं ठरवलं होतं.

मार्च 2020 मध्ये क्लास बंद झाले आणि मुलं घरी गेली. आपल्या गल्लीतली खानावळ, झेरॉक्स, चहाची टपरी सगळं थंडावलं. जून आला आणि माझ्या दुकानात गाद्या तशाच पडून राहिल्या. कोपऱ्यावरचा किराणा मात्र चालू राहिला, कारण आपली आठ-दहा घरं तिथून रोज काही ना काही आणत होती.

हे आज लिहितोय कारण इमारत पाडून पूर्ण हॉस्टेल बांधायचा विषय पुढच्या आमसभेत आहे. भाडं चांगलं येईल, खोटं कशाला बोलू. विद्यार्थ्यांबद्दल माझं मत चुकलं होतं, हेही कबूल करतो. पण आता आपण सत्तरीकडे आलोय. आपल्याला रात्री औषध देणारं मेडिकल, उधारीवर दूध देणारा माणूस गल्लीत हवाय. ती दुकानं बारा महिने राहणाऱ्या घरांवर टिकतात. खोल्या जरूर द्या, पण खालचा मजला तरी घरांसाठी ठेवा, एवढीच माझी सूचना. मी ती आमसभेत लेखी देणार आहे.